कोकणातल्या घरात निवारा केंद्रातला ससा आणायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगडजवळ चिऱ्याचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे हापूसची कलमं. घरात दहा वर्षांची मुलगी आणि एक कुत्रा. पुण्याच्या एका निवारा केंद्रात सहा आठवड्यांची पिल्लं आहेत आणि नसबंदी झालेली तीन वर्षांची नर-मादी जोडीही आहे. यातलं काय आणावं, पिंजरा पडवीत ठेवला तर चालेल का आणि आधी काय तयारी करावी?

जोडी आणा. पडवीत ठेवू नका. आणि आत्ता एप्रिल-मेमध्ये आणू नका, दिवाळीनंतर आणा.

पिल्लू गोजिरवाणं दिसतं, पण सहा आठवडे हे आईपासून तोडण्याचं वय नव्हे; निदान आठ आठवडे ते आईजवळ हवं. त्याआधी खाणं बदललं की जुलाब लागतात आणि दोन दिवसांत पिल्लू जातं. या वयात नर की मादी हे सांगताना जाणत्या माणसाचीही चूक होते. नराच्या गोट्या दहा-बारा आठवड्यांनी खाली उतरतात, तोवर खात्री नाही. ‘दोन्ही माद्या आहेत’ असं सांगून दिलेल्या जोडीला चार-पाच महिन्यांत पिल्लं होतात ती अशी. सशीण सुमारे ३१ दिवसांत विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे चूक लक्षात येईपर्यंत दुसरं वेत पोटात असतं. शिवाय चौथ्या-पाचव्या महिन्यात पिल्लू वयात आलं की मुताच्या पिचकाऱ्या, उकरणं, चावणं सुरू होतं. नेमक्या याच वयातले ससे लोक निवारा केंद्रात आणून सोडतात.

तीन वर्षांची जोडी म्हणजे म्हातारी नव्हे. घरात नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, काही बारापर्यंत जातात. स्वभाव ठरलेला असतो, ट्रेमध्ये मुतायची सवय बहुधा असते, आणि मुख्य म्हणजे नसबंदीचं काम झालेलं असतं. मादीची नसबंदी न केल्यास वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण सशांत फार मोठं आहे. हे ऑपरेशन हात बसलेला डॉक्टरच करू शकतो आणि तालुक्याच्या गावात तसा मिळणं कठीण. केंद्राकडून नसबंदीचा कागद मागा आणि त्यावरची तारीख बघा. नराची नसबंदी झाल्यावरही चार ते सहा आठवडे तो मादीला गाभण ठेवू शकतो. जमलेली जोडी तोडून एकच आणू नका. एकटा पडलेला ससा खाणं सोडतो, आणि सशाने खाणं सोडलं की काय होतं ते पुढे येईलच.

आता जागा. किनाऱ्यावर सशाचा खरा शत्रू साप किंवा मांजर नसून दमट उष्मा आहे. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही त्याला जमत नाही. तो उष्णता टाकतो ती मुख्यतः कानांतून. २० अंशांच्या आसपास त्याला सुखाचं. २७-२८ च्या वर गेलं की तो खाणं कमी करतो, आणि हवेत ओल भरलेली असेल तर ३२ अंशही जीवघेणे ठरतात. देवगडला मे महिन्यात दुपारी पारा ३३-३४ दाखवतो, पण हवा ओली असते. म्हणून सोलापूरच्या कोरड्या उन्हाचा अनुभव इथे लावून चालत नाही.

पडवी दिसायला हवेशीर, पण दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट आत येतं आणि पावसात झड येते. समोर झाप बांधले तरी भिंती आणि जमीन ओल धरतात. पत्र्याची शेड तर नकोच. जुन्या घरात सगळ्यात थंड जागा माजघर किंवा देवघराच्या शेजारची खोली. जाड चिऱ्याची भिंत, वर माळा, खाली शहाबादी किंवा साधी लादी. माळा असेल तर कौलांची धग खाली उतरत नाही. अशा खोलीचा कोपरा लोखंडी पॅनलने अडवा. दोन सशांना सहा बाय चार फूट ही कमीत कमी जागा, तीही दिवसातून तीन-चार तास बाहेर मोकळं सोडणार असाल तर. पॅनल तीन फूट उंच हवेत. बाजारात ‘सशाचा पिंजरा’ म्हणून जो तारेच्या तळाचा डबा विकतात तो घेऊ नका. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर बसून ते झिजतात, टाचेला लाल चट्टा पडतो, मग जखम, आणि दमट हवेत ती जखम महिनोन्महिने भरत नाही. गुळगुळीत लादीवर पाय घसरतात, म्हणून अर्ध्या भागात सुती सतरंजी किंवा गोणपाट टाका आणि दर दोन दिवसांनी बदला. उरलेली लादी उघडी ठेवा. दुपारी दोघं तिथेच पोट टेकून पडतील.

पंखा नुसता ठेवून भागत नाही, कारण घाम नसलेल्या अंगाला वाऱ्याने फारसा गारवा मिळत नाही. कान ओल्या हाताने पुसा आणि मग वारा लागू द्या. पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून, फडक्यात गुंडाळून, एक दिवसा आणि एक संध्याकाळी कोपऱ्यात ठेवा. त्या दोनच नकोत, चार करा. पहिल्या पावसात वीज जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते, तेव्हा फ्रीजमधला साठाच कामाला येतो. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र सशाच्या उंचीवर, जमिनीपासून वीतभर, टांगा. माणसाच्या डोक्याशी टांगलं तर वेगळाच आकडा दिसतो.

मान वर ताणलेली, नाकपुड्या भराभर हलतायत, तोंड उघडं, हनुवटी लाळेने ओली आणि कान तापून लाल असतील तर उष्माघात आहे. साध्या थंड पाण्याने कान आणि पाय भिजवा, लादीवर ठेवा, पंखा लावा आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. त्या धक्क्यानेच ससा दगावतो. एरवीही सशाला आंघोळ घालायची नसते.

खाण्याकडे येऊ. सशाच्या खाण्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग गवत हवा. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास. ते गवत चावूनच झिजतात, आणि आतडीही लांब धाग्याच्या चाऱ्यावरच चालू राहतात. टिमोथी गवताच्या पिशव्या ऑनलाइन मिळतात, पण परदेशी असल्याने महाग पडतात. आपल्याकडे चांगलं गवत फुकट उगवतं, फक्त ते योग्य वेळी कापून वाळवायला हवं.

दोन सशांना सांडलवंड धरून रोज पाव किलो ते तीनशे ग्रॅम सुकं गवत लागतं. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांसाठी चाळीस-पंचेचाळीस किलोंची बेगमी करा. डोंगरउतारावरचं गुरांसाठी कापतात ते गवत सरसकट घेऊ नका. त्यात कुसळी गवत मिसळलेलं असतं. त्याची कुसळं हिरडीत, नाकात, डोळ्याच्या कोपऱ्यात रुततात. गुराची जीभ ते सोसते, सशाची नाही. हरळी, गिनी गवत किंवा बांधावरचं मऊ पात्याचं गवत ऑक्टोबरअखेर, फुलोरा पक्का होण्याआधी कापा. खळ्यात दोन-तीन दिवस उलटसुलट करून वाळवा, नंतर सावलीत. मूठभर गवत पिळून बघा: काड्या कडकन मोडल्या पाहिजेत, रंगात हिरवट झाक राहिली पाहिजे आणि वास गोडसर यायला हवा. माळ्यावर फळ्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. मे महिन्यात वळवाच्या आधी एकदा पुन्हा कडक उन्हात घाला आणि दुपारीच, दमट वारा लागायच्या आत, झाकणाच्या कोरड्या पिंपांत भरून बंद करा. एका वेळी आठवड्यापुरतं काढा. पिंप उघडल्यावर आंबूस वास आला, धूळ उडाली किंवा काळे-करडे ठिपके दिसले तर ते गवत टाकून द्या. ऊन दाखवलं म्हणून बुरशीचं विष जात नाही.

आणि हे देवगडकरांनी खास लक्षात ठेवायचं: कलमांखालचं गवत सशाला नाही. मोहोर येऊ लागल्यापासून आंबा उतरेपर्यंत फवारण्या चालू असतात, त्याचं पाणी खालच्या गवतावरच निथळतं. पावसाळ्यात आळ्यात कल्टार (मोहोर धरण्यासाठीचं संजीवक) ओततात, कुठे तणनाशक मारलेलं असतं. धुऊन घेतो म्हणून भागत नाही. स्वतःच्या बागेत फवारणी नसली तरी शेजारच्या बागेतून वाऱ्यावर येतं. परसातला एक वाफा, फवारणीपासून दूर, फक्त सशांसाठी राखून ठेवा.

भाताचा पेंढा अंथरूण म्हणून आणि चघळायला उत्तम, पण त्यात सत्त्व फार कमी, त्यावर ससा जगत नाही. उलट लसूणघास या हिरव्या चाऱ्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज दिला तर मूत चुन्यासारखं घट्ट होऊन खडा धरतो. पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) द्यायचेच तर किलो वजनामागे रोज वीस-पंचवीस ग्रॅम, त्याहून अधिक नाही. रंगीत दाणे आणि मका मिसळलेलं खाद्य घेऊ नका. हिरवा पाला सकाळ-संध्याकाळ एकेक मूठ: कोथिंबीर, पुदिना, तुळस, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, केळीच्या पानाचा तुकडा. पालक आणि माठ क्वचित. पावसातलं ओलं गवत पाणी झटकून लगेच द्यावं. भारा करून ठेवला की आतून तापतो, आंबतो, आणि तो खाऊन पोट फुगतं. अळू, सुरणाचा पाला, कण्हेर, रुई, एरंड, घाणेरी, काजूची पानं, टोमॅटो-बटाट्याचा पाला, कांदा, लसूण यांतलं काहीही नको. भात, चपाती, बिस्किट हे तर आपल्याकडे प्रेमाने भरवतात, आणि बहुतेक सशांचं पोट त्यानेच बिघडतं. फणसाचा गरा किंवा आंब्याची फोड हवीच असेल तर अंगठ्याच्या पेराएवढी, आठवड्यातून एक-दोनदा. पाणी बाटलीऐवजी जड चिनी मातीच्या भांड्यात ठेवा. अडीच किलोचा ससा दिवसाला दीडशे ते तीनशे मिलिलिटर पितो. बाटलीच्या नळीतून उन्हाळ्यात तेवढं येत नाही.

डॉक्टर आधी शोधायचा, ससा नंतर आणायचा. पदवीधर पशुवैद्य (पशुधन विकास अधिकारी) असलेला सरकारी दवाखाना कुठला ते बघा. पण तिथलं रोजचं काम गाई, म्हशी, शेळ्यांचं, म्हणून आधी जाऊन बोला. दोन प्रश्न विचारा. ऑपरेशनआधी सशाला किती तास उपाशी ठेवता? बरोबर उत्तर: ठेवत नाही. ससा उलटी करूच शकत नाही, आणि उपाशी राहिला तर आतडी थांबतात. दुसरा: तोंडाने कोणतं अँटिबायोटिक देता? अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन किंवा क्लिंडामायसिन पोटातून दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा त्या औषधानेच जातो. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा चालतं. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा सशाला विष आहे. घरात कुत्रा असल्याने ही बाटली तुमच्याकडे असणारच, ती वेगळी ठेवा आणि कुत्र्याला लावलं की दोन दिवस त्याला सशांच्या खोलीत सोडू नका. हे सगळं एका कागदावर लिहून सशांना न्यायच्या पेटीला चिकटवा. रात्री तुमच्याऐवजी दुसरं कोणी त्यांना घेऊन गेलं तर तो कागद बोलेल. मोठं काही झालं तर कोल्हापूर किंवा गोव्यातला सशांचा अनुभव असलेला डॉक्टर गाठावा लागेल, त्याचा नंबर आणि वेळा आताच घेऊन ठेवा. शिरवळ आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णालयं आहेत, पण इथून ती तातडीच्या कामाची नाहीत.

केंद्रात गेल्यावर सशाला लगेच उचलून घेऊ नका, दहा मिनिटं नुसतं बघा. गवत टाकल्यावर दोघं खायला येतात का? मग जवळ घेऊन तपासा. पुढच्या पायांची आतली बाजू बघा. तिथले केस चिकटून गुठळ्या झाल्या असतील तर तो वाहतं नाक पायाने पुसतोय, म्हणजे जुनी सर्दी आहे, मग समोर नाक कितीही कोरडं दिसो. ओठ वर करून पुढचे दात एकावर एक नीट बसतात का ते बघा. कानात तपकिरी खपल्या म्हणजे कानातली खरूज. नाक, नखं आणि कानांच्या कडांवर पांढरट पापुद्रा म्हणजे अंगाची खरूज. ती माणसाच्याही हाताला लागते. बरी होते, पण बरी झाल्यावरच घरी न्या. शेपटीखाली स्वच्छ आणि कोरडं हवं. पाठीच्या कण्यावर हात फिरवा: मणके जाणवावेत, पण टोचू नयेत. लेंड्या गोल, एकसारख्या, वाटाण्याहून थोड्या लहान. मूत लालसर दिसलं तर घाबरू नका, पाल्यातल्या रंगाने तसं होतं. थेंबथेंब आणि जोर करून होत असेल तर मात्र तपासणी हवी.

बरीच केंद्रं ओळखपत्र घेतात, करारनामा करतात, व्हिडिओ कॉलवर घर बघतात. कंटाळू नका. करारात ‘न जमल्यास ससे केंद्रालाच परत’ हे कलम आहे का ते बघा आणि नसेल तर घालून घ्या. सध्या खातात ते खाद्य दहा दिवसांचं मागून आणा, आणि त्यांच्या ट्रेमधलं मूठभर मुतलेलं गवतही. नव्या ट्रेमध्ये ते टाकलं की जागा पटकन कळते. जाता जाता: रानात सापडलेलं सशाचं पिल्लू ही निराळी गोष्ट आहे. आपला रानससा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे, तो घरी ठेवता येत नाही आणि घरी तो जगतही नाही.

पुण्याहून कोल्हापूर, गगनबावडा करत देवगड म्हणजे थांबत थांबत आठ-नऊ तास. मध्यरात्रीच निघा, घाट उतरला की हवा एकदम जड होते, तेव्हा उन्हं चढायच्या आत घरी पोचलेलं बरं. दोघं एकाच पेटीत, तळाला टॉवेल आणि भरपूर गवत. पेटी सीटखाली बसेल अशी आडवी. दर दोन तासांनी पाणी आणि कोथिंबिरीची काडी दाखवा. गाडीत एसी चालू, पण झोत पेटीवर नको. डिकीत किंवा मोटारसायकलवर अजिबात नाही.

पहिले दोन दिवस घरात पाहुणे बोलावू नका, उचलू नका. खोलीत जमिनीवर बसा, ते आपणहून हुंगायला येतील. लेंड्या मोजत बसायची गरज नाही, पण सकाळ-संध्याकाळ ट्रे बघून ढिगाचा अंदाज घ्या. दहा-बारा तासांत काहीच खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही तर ती तातडीची बाब आहे, ‘उद्या बघू’ चालत नाही. पोट गोळा करून बसणं, दात करकरणं, आवडीची कोथिंबीर नाकारणं ही आतडी थांबल्याची चिन्हं. पोट मऊ असेल तर ऊब द्या, पाणी पाजा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पेलेट भिजवून केलेली पातळ पेज सुईविना सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी द्या. वेदना थांबवल्याशिवाय ससा खात नाही, म्हणून वेदनाशामक औषध डॉक्टरांकडून लागतंच. पोट ढोलासारखं टणक लागत असेल तर काहीही भरवू नका, तसेच गाडी काढा.

पावसाळ्यात दुसरं संकट माश्यांचं. शेपटीखाली लेंडी किंवा मूत चिकटलं की माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या कातडीत शिरतात. जून ते सप्टेंबर रोज दोनदा ससा न उचलता मागून वाकून बघा, खिडक्यांना जाळी लावा. डासांची उदबत्ती त्या खोलीत लावू नका, धुराने त्यांची नाकं बिघडतात. डांबराच्या गोळ्याही दूर ठेवा. खाद्याचा डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा हवा. उंदीर आला तर लेप्टोचा (उंदराच्या मुतातून लागणाऱ्या तापाचा) धोका सशापेक्षा तुम्हालाच जास्त, आणि उंदरामागून धामण किंवा नाग आत येतो. मोऱ्यांच्या तोंडाला अर्ध्या इंचाची वेल्डमेश बसवा.

मुलीला सांगा की ससा मांडीवर घ्यायचा प्राणी नाही. नीट आधार न देता उचलला आणि त्याने मागच्या पायांनी झटका दिला तर त्याचाच मणका मोडतो. तिने जमिनीवर बसून पाला द्यावा, ट्रे साफ करावा, जबाबदारी मोठ्यांची. गणपतीत घर भरलेलं असतं, फटाके आणि ढोल असतात, तेव्हा खोलीला कडी घाला आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. शिमग्यालाही तेच. कुत्र्याची ओळख महिनाभर फक्त पॅनलच्या बाहेरून, दोरीला बांधून करून द्या. कुत्रा कितीही शांत असला तरी दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही, आणि तो पॅनलशी भुंकत उभा राहत असेल तर खोलीचं दारच बंद ठेवा.